हेडलाइटवर चढलेलं ऊन

सात-आठ वर्षं उघड्यावर उभी राहिलेली मोटार समोरून नीट पाहा. रंग अजून चमकत असतो, बंपरवर चार ओरखडे असतात आणि हेडलाइट मात्र पिवळट, दुधाळ झालेले असतात. त्यातही आभाळाकडे तोंड असलेला वरचा उतार सगळ्यात जास्त गेलेला, खालचा भाग बऱ्यापैकी स्वच्छ. बॉनेटच्या कडेखाली झाकली जाणारी बारीक पट्टी तर जवळपास नव्यासारखी. गाडी वर्षानुवर्षं सोसायटीत एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून लागत असेल तर दोन हेडलाइटमध्येही फरक पडतो : भिंतीकडचा बरा, मोकळ्या बाजूचा खराब. धूळ, पाऊस, खडीचे टवके यांचा वाटा असतोच. पण मुख्य कारण ऊन.

बहुतेकांना याची आठवण गाडी विकायला काढताना होते. गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, पॉलिश मारून देतो, नव्यासारखे दिसतील," आणि तासाभरात ते खरोखरच तसे दिसतात. पण दिसण्याचा प्रश्न दुय्यम आहे, खरं नुकसान रात्री होतं. 'अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन' या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये जुन्या, धुरकटलेल्या हेडलाइटचा प्रकाश मोजला. लो बीमवर नव्या दिव्याच्या जेमतेम २० टक्के प्रकाश रस्त्यावर पडत होता. उरलेल्यातला काही लेन्समध्येच मुरतो आणि बराचसा वाटेल तिकडे विखुरतो. लो बीमच्या प्रकाशाला वरच्या बाजूने एक स्पष्ट कड असते. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून ती मुद्दाम आखलेली असते. लेन्स दुधाळ झाली की ही कड फिसकटते. म्हणजे आपल्याला खड्डा दिसत नाही आणि समोरच्याला आपल्या दिव्याचा त्रास होतो. पावसाळ्यात रात्री ताम्हिणी किंवा आंबोलीचा घाट उतरताना याचा अर्थ काय होतो, हे त्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, सुरुवातीची मारुती ८०० या गाड्यांचे हेडलाइट काचेचे होते. खडा लागून काचेला तडा जाई, आतला रिफ्लेक्टर गंजे, पण काच पिवळी पडत नसे. अमेरिकेत तर १९४० पासून सीलबंद काचेचे ठरावीक आकाराचे दिवे सक्तीचे होते. तो नियम १९८३ मध्ये सैल झाला आणि १९८४ च्या लिंकन कॉन्टिनेंटल मार्क सेव्हन या मॉडेलवर बल्ब वेगळा बदलता येणारा, गाडीच्या नाकाशी एकजीव झालेला हेडलाइट आला. पुढच्या काही वर्षांत जगभरच्या गाड्यांवर काचेची जागा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकने घेतली.

पॉलिकार्बोनेट १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीतल्या हर्मन श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांना पत्ता नसताना, तयार केलं. दंगल आवरणाऱ्या पोलिसांच्या पारदर्शक ढाली, सीडी, चष्म्याच्या न फुटणाऱ्या लेन्स हे सगळं त्याचंच. वजन काचेच्या निम्मं, कारण काचेची घनता २.५ आणि याची १.२. दगड लागला तरी फुटत नाही, साच्यात हवा तो आकार घेतं, आणि प्रकाश जवळजवळ ९० टक्के पार जाऊ देतं. मोटार बनवणाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवं? पण त्याच्या दोन मोठ्या उणिवा आहेत. ते मऊ आहे, साध्या कोरड्या फडक्यानेही त्यावर चरे उठतात. आणि त्याला ऊन सोसत नाही.

म्हणून कारखान्यातून निघताना प्रत्येक लेन्सवर एक पारदर्शक, कडक थर चढवलेला असतो. त्याला हार्ड कोट म्हणतात. त्यात अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यं मिसळलेली असतात. जाडी साधारण दहा-पंधरा मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही पुष्कळ कमी. हेडलाइटचं आयुष्य या एवढ्याशा थरावर अवलंबून असतं, आणि पुढचं सगळं याच्याभोवती फिरतं.

सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांपैकी साधारण ३०० नॅनोमीटरच्या पुढचे किरण जमिनीपर्यंत पोचतात. हार्ड कोट त्यांना अडवत राहतो, पण अडवता अडवता त्यातली शोषक द्रव्यंही हळूहळू खर्ची पडतात. थर ठिसूळ होतो, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, कडेपासून तो सुटू लागतो. काही गाड्यांच्या हेडलाइटवर सोललेल्या पापुद्र्यासारखी नागमोडी रेघ दिसते, ती या सुटत्या थराची कड. मग किरण थेट पॉलिकार्बोनेटला भिडतात. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, तुटलेल्या टोकांशी हवेतला ऑक्सिजन जोडला जातो आणि निळा प्रकाश शोषणारे नवे रेणू तयार होतात. निळा गेला की उरलेला प्रकाश पिवळसर दिसणारच. दिलासा एवढाच की हे किरण प्लास्टिकच्या अगदी वरच्या थरातच शोषले जातात, त्यामुळे पिवळेपणा फार खोल उतरत नाही. काही मिलिमीटर जाडीच्या लेन्समध्ये खराब झालेला भाग मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाएवढा असतो. घरच्या घरी दुरुस्ती शक्य होते ती याच एका कारणाने.

आपल्याकडे हे लवकर घडतं याचं कारण नकाशात आहे. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मे महिन्यात राज्यात ठिकठिकाणी शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि अतिनील किरणांना वातावरणातून सगळ्यात आखूड वाट मिळते. एप्रिल-मेमध्ये अतिनील निर्देशांक ११ च्या वर जाणं इथे नेहमीचं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना ११ पासून पुढच्या पातळीला 'अतितीव्र' म्हणते. हल्ली हेडलाइटची लेन्स बॉनेटवर मागे झुकलेली असते. तिचा वरचा भाग जवळजवळ आडवा, थेट आभाळाला सामोरा. जुन्या पद्मिनीचा उभा गोल दिवा या दृष्टीने अधिक सुरक्षित होता, आणि तो तर काचेचाच होता.

दुरुस्तीआधी एक साधी परीक्षा करावी. धुरकट लेन्सवर स्वच्छ पाणी ओता. पाणी ओघळत असेपर्यंत लेन्स चक्क पारदर्शक होते, आतला बल्ब, रिफ्लेक्टरची चकाकी, सगळं दिसतं. वाळली की पुन्हा दुधाळ. असं झालं तर समजा की खराबी बाहेरच्या पृष्ठभागावर, चऱ्यांमध्ये आणि भेगांमध्ये आहे. बर्फाची लादी आरपार दिसते आणि तोच बर्फ किसला की पांढराशुभ्र होतो. इथेही तसंच होतं, कारण हवा आणि प्लास्टिक यांच्या असंख्य बारीक सीमांवर प्रकाश विखुरतो. हवेचा अपवर्तनांक १, पॉलिकार्बोनेटचा सुमारे १.५९. पाण्याचा १.३३, म्हणजे दोघांच्या मधला. पाणी चऱ्यांत भरलं की सीमेवरची उडी लहान होते आणि विखुरणं कमी होतं. पाणी ओतूनही लेन्स आतून धुरकटच दिसली, तर दोष आतल्या बाजूला आहे आणि बाहेरून कितीही घासलं तरी जाणार नाही.

मोबाइलवर फिरणारे बहुतेक झटपट उपाय या पाण्याच्या खेळावरच चालतात. तेल, स्प्रेचं वंगण, मेण यांचा अपवर्तनांक पाण्याहूनही प्लास्टिकच्या जवळ जातो, त्यामुळे लेन्स क्षणात लखलखते. दोन-चार वेळा धुतली किंवा पावसात भिजली की मूळ पदावर. टूथपेस्टमध्ये खरोखरच बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे हलका धूसरपणा थोडा जातो. पण सुटलेला हार्ड कोट काढण्याची तिच्यात ताकद नाही आणि घासल्यावर ती कोणतंही संरक्षण मागे ठेवत नाही. हे उपाय निरुपयोगी आहेत, तरी निदान निरुपद्रवी आहेत.

काही उपाय मात्र घातक आहेत. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल लेन्सला लावू नये. पॉलिकार्बोनेट साच्यात ओतून थंड होताना त्याच्या अंगात ताण साठून राहिलेला असतो, आणि असं द्रावण लागलं की त्या ताणाच्या रेषांवर जाळीदार भेगा उमटतात. त्या खोल असतात आणि कायमच्या राहतात. 'डीट' असलेलं डास पळवणारं द्रव्य चोळलं की पिवळेपणा फडक्यावर येतो आणि लोकांना ती जादू वाटते. प्रत्यक्षात ते प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवत असतं. हल्ली छोट्या विजेच्या कपात द्रावण तापवून त्याची वाफ लेन्सवर सोडण्याचे संचही मिळतात. या पद्धतीत क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेनसारखी द्रावणं वापरतात. वाफेने पृष्ठभाग किंचित वितळून गुळगुळीत होतो, परिणाम झटक्यात दिसतो. पण ती वाफ श्वासात जाणं धोक्याचं आहे, आणि अतिनील संरक्षणाचा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो. घराच्या आवारात, आजूबाजूला मुलं असताना हा प्रकार कुणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खरं काम. साहित्य रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतं : मास्किंग टेप, वेगवेगळ्या नंबरांचे वॉटर पेपर, पाण्याची फवारणी करणारी बाटली, प्लास्टिकला चालणारं पॉलिशिंग कंपाउंड, मायक्रोफायबरची स्वच्छ फडकी आणि शेवटी चढवायचं आवरण. गाडी सावलीत घ्यावी. लेन्स हाताला गार लागली पाहिजे. आधी साबणाच्या पाण्याने हेडलाइट आणि आजूबाजूचा पत्रा धुवून घ्यावा, कारण धुळीचा एक कण पेपरखाली आला तर तो पेपरपेक्षा खोल चरा पाडतो. मग हेडलाइटभोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावावेत. पेपर निसटतोच, आणि बॉनेटच्या कडेवरचा रंग उडायला वेळ लागत नाही.

पेपरचा नंबर जितका मोठा तितके कण बारीक. ४०० नंबरच्या पेपरवरचे कण सुमारे ३५ मायक्रॉनचे, १००० चे १८, २००० चे १० मायक्रॉनच्या आसपास. कुठून सुरुवात करायची हे लेन्स पाहून ठरवावं. हार्ड कोट जागोजाग सुटला असेल तर ४०० किंवा ६०० शिवाय इलाज नाही. नुसता वरवरचा धूसरपणा असेल तर एकदम ४०० घेऊ नये. १००० ने सुरुवात करून पाहावी.

पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवावा, लेन्सवर सतत पाणी मारत राहावं आणि हात हलका ठेवून आडव्या रेषेत घासावं. पहिल्या काही मिनिटांत जो ओघळ खाली येतो तो पिवळट असतो. याकडे बारीक लक्ष ठेवायचं. जुना कोट आणि कुजलेलं प्लास्टिक निघत असेपर्यंत ओघळ पिवळट आणि चिकट येतो, लेन्सवर कुठे चमकदार बेटं तर कुठे मंद पट्टे दिसतात, पेपर मध्येच अडकल्यासारखा वाटतो. मग हळूहळू ओघळ पांढरा होतो, पेपर एकसारखा सरकू लागतो आणि पुसून वाळवल्यावर सगळी लेन्स सारखीच मंद, दुधी काचेसारखी दिसते. कुठेही चमकदार बेट उरलेलं नको. ते जुन्या कोटाचं आहे आणि पुढे तिथेच डाग दिसणार. या टप्प्यावर लेन्स आधीपेक्षा वाईट दिसते, पण घाबरायचं कारण नाही.

पुढच्या प्रत्येक पेपरला दिशा बदलावी. ४०० आडवा घासला असेल तर ८०० उभा, १५०० पुन्हा आडवा, २००० उभा, मिळाला तर ३००० नंबर शेवटी. दिशा बदलल्याने आधीच्या पेपरचे चरे पूर्ण गेले की नाही हे लगेच कळतं. आधीच्या दिशेची एकही रेघ दिसत असेल तर पुढचा पेपर हातात घेऊ नये. घाई इथेच होते, आणि पॉलिश झाल्यावर उन्हात तीच रेघ ठळक दिसते. प्रत्येक पेपर बदलताना लेन्स धुवावी, बादलीतलं पाणीही बदलावं. दोन हेडलाइटना निवांत अर्धा दिवस धरून चालावं.

तीन हजारच्या पेपरने घासलेली लेन्सही धूसरच राहते. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते आणि पृष्ठभागावरचे चरे त्याहून लहान झाल्याशिवाय ती आरपार दिसत नाही. ते काम कंपाउंडचं. फोमच्या पॅडवर थोडं कंपाउंड घेऊन गोल फिरवत घासावं. ड्रिलला पॅड लावून केलं तर लवकर होतं, पण वेग कमी ठेवावा आणि पॅड एका जागी टेकवू नये. पॉलिकार्बोनेट १५० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि जोरात फिरणारा पॅड एका ठिकाणी एवढी उष्णता सहज तयार करतो. लेन्स हाताला कोमट लागली की थांबायचं.

आणि इथे, लेन्स आरशासारखी झाल्यावर, बहुतेक जण थांबतात. रस्त्याच्या कडेला पॉलिश करून देणारेही थांबतात. माझा सगळा आग्रह या जागेसाठी आहे. आपण आत्ता खराब थर काढला, पण त्याबरोबर अतिनील किरण अडवणारं जे काही उरलं होतं तेही काढलं. उघडं पॉलिकार्बोनेट आता थेट उन्हात उभं आहे, कारखान्यातून निघालेल्या लेन्सपेक्षाही असहाय अवस्थेत. काही महिन्यांत ते पुन्हा पिवळं पडतं, आणि मग लोक म्हणतात की या दुरुस्तीत काही अर्थ नाही. दुरुस्ती अर्धी राहिली म्हणून असं होतं. पुन:पुन्हा घासत बसलं तर दर वेळी लेन्स थोडी पातळ आणि थोडी वेडीवाकडी होते ते निराळंच.

आवरणाचे तीन मार्ग आहेत. मेणाचं पॉलिश सगळ्यात सोपं, पण काही आठवड्यांत धुऊन जातं. ते वरचेवर लावण्याची शिस्त असेल तरच उपयोग. दुसरा मार्ग फडक्याने पुसून लावायच्या सीलंटचा किंवा सिरॅमिक कोटिंगचा. यात हेडलाइटसाठी बनवलेलं आणि अतिनील संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख असलेलंच घ्यावं. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने कंपाउंडचा तेलकटपणा पुसून काढावा, नंतर बोट लावू नये, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पट्ट्यांत आवरण लावावं आणि एकदा लावलेल्या जागी परत फडकं फिरवू नये. बाटलीवर सांगितलेला वेळ पाणी लागू द्यायचं नाही. घरच्या माणसाला मी हाच मार्ग सुचवेन, उन्हाळ्याच्या तोंडावर दर वर्षी नव्याने लावण्याच्या तयारीने.

तिसरा आणि सगळ्यात टिकाऊ मार्ग म्हणजे अतिनील संरक्षण असलेला टू-के क्लिअर कोट, हार्डनर मिसळून फवारायचा. तो वर्षानुवर्षं टिकतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. कापडी किंवा साधा कागदी मास्क त्यापुढे काही कामाचा नाही. म्हणून पॉलिशपर्यंतचं काम घरी करावं आणि हा हात चांगल्या पेंटिंग बूथमध्ये, योग्य मास्क वापरणाऱ्या पेंटरकडून मारून घ्यावा. प्लास्टिकसाठी चालणारा क्लिअर आहे ना, हे त्याला आवर्जून विचारावं. पावसाळी दमट हवेत हे काम काढूच नये, कोटाखाली ओल अडकली की तो पांढरा पडतो.

परिणाम पाहायचा तर आधी एकच हेडलाइट करावा. रात्री गाडी भिंतीसमोर चार-पाच मीटरवर उभी करून लो बीम लावावा आणि दोन्हीकडचे झोत शेजारी शेजारी पाहावेत. मोबाइलच्या फोटोंवर विसंबू नये, कॅमेरा उजेड आपोआप कमी-जास्त करतो. डोळ्यांना मात्र एका बाजूची धारदार कड आणि दुसरीकडचा पसरलेला पिवळा डाग लगेच कळतो.

मर्यादाही माहीत हव्यात. वर सांगितलेल्या अमेरिकन चाचणीत घासून-पॉलिश करून प्रकाश नव्याच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला. मूळ कंपनीचा नवा हेडलाइट बसवल्यावर १०० टक्के, इतर उत्पादकांच्या सुट्या भागाने ८३ ते ९० टक्के. वीसवरून सत्तरवर येणं ही मोठी गोष्ट आहे, पण रोज रात्री हायवेवर असणाऱ्याने ७० वर समाधान मानावं का, याचा विचार करावा. लेन्सच्या आत जाळीदार भेगा दिसत असतील, रिफ्लेक्टरची चकाकी काळवंडली असेल, सील जाऊन आत पाणी साचत असेल, तर पेपर हातात न घेता पूर्ण हेडलाइटच बदलावा. ६०/५५ वॉटच्या एच-४ बल्बच्या जागी १०० वॉटचा बल्ब टाकलेल्या गाड्यांमध्ये रिफ्लेक्टर आणि लेन्स आतून भाजलेली असणं नेहमीचं. तिथे आधी बल्ब मूळ वॉटचा करावा. आणि हेडलाइट बदलला की त्याचा झोत नव्याने जुळवून घ्यायचा. तो पुष्कळदा जुन्यापेक्षा थोडा वर किंवा बाजूला बसतो, म्हणून टायरमध्ये योग्य हवा आणि गाडीत नेहमीचं वजन ठेवून, त्याच भिंतीसमोर, मागच्या स्क्रूने कड खाली आणावी.